दोनदा जिंकून तिसरे

२०२५ च्या सप्टेंबरात दुबईला आशिया चषकात आपल्या क्रिकेटपटूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवले नाहीत, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर जे महाभारत झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल (त्यातले निम्मे कौरव-पांडव हे वाचणार आहेतच!). शेवटी नानाकाकांनी नेहमीचं वाक्य टाकून पडदा पाडला, "खेळात राजकारण आणू नये." त्यावर चार अंगठे उमटले आणि विषय संपला.

माझा अंगठा त्यात नव्हता. कारण हेच वाक्य मी एकदा अगदी चुकीच्या माणसासमोर बोलून बसलो होतो. तो किस्सा सांगायचा राहूनच गेला. आज सांगतो.

२०२४ च्या मे महिन्यात मी कामासाठी झेक प्रजासत्ताकात, ब्रनोला होतो. त्याच वेळी प्राग आणि ओस्त्रावा इथे आइस हॉकीची जागतिक स्पर्धा चालू होती आणि अख्ख्या देशाला दुसरं काही सुचत नव्हतं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : बर्फाचं मैदान, पायात स्केट्स, दोन्हीकडे सहा-सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तिला पक म्हणतात. मला पहिले काही दिवस तो पक दिसायचाच नाही. शेजारचे ओरडले की समजायचं, गोल झाला!

२६ मे रोजी अंतिम सामना होता, स्वित्झर्लंडशी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बघायला घरी बोलावलं. त्यांचं मोडकं इंग्रजी, माझं त्याहून मोडकं झेक. पण समोर खेळ असला की भाषा फार लागत नाही. मध्यंतरात काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "रशियाचा संघ नाही, मजा नाही. बिचाऱ्या खेळाडूंचा काय दोष? खेळात राजकारण नको."

आजोबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, माझं इंग्रजी समजलं नसेल. मग त्यांनी दोन बोटं वर केली. "१९६९. स्टॉकहोम. आम्ही त्यांना दोनदा हरवलं." थोडं थांबून तिसरं बोट वर केलं. "आणि आम्ही तिसरे आलो."

तेवढ्यात खेळ सुरू झाला. शेवटी झेक संघ २-० ने जिंकला, खाली रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले, आजोबांनी मला मिठी मारली. माझ्या डोक्यात मात्र ती तीन बोटं राहिली. नंतर त्यांच्याकडून ऐकून आणि बरंच वाचून ती गोष्ट मी जुळवली.

१९६८ च्या २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या साथीदार देशांच्या फौजा रणगाडे घेऊन चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. अलेक्झांडर डुबचेक यांनी साम्यवादाला जरा माणसाचा चेहरा द्यायचा प्रयत्न केला होता, तो त्यांना चालला नाही. पुढच्या वर्षीची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा खरं तर प्रागला व्हायची होती. पण रस्त्यावर परकं सैन्य असताना कसली यजमानी? ती गेली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला.

सहा संघ, प्रत्येकाशी दोन-दोन सामने. म्हणजे रशियनांशीही दोनदा गाठ पडणार होती.

२१ मार्च १९६९. रणगाडे आल्याला बरोबर सात महिने. चेकोस्लोव्हाकिया २-० ने जिंकला. गोलरक्षक झुरिल्लाने एकही गोल होऊ दिला नाही. काही खेळाडूंनी अंगरख्यावरच्या सिंहाच्या डोक्यावरचा लाल तारा पट्टीने झाकून टाकला होता. सामना संपल्यावर रशियनांशी हात मिळवला नाही. २८ मार्चला पुन्हा सामना झाला आणि पुन्हा तेच जिंकले, ४-३.

आता गंमत बघा. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं, सोव्हिएत संघाने स्वीडनला दोनदा, आणि स्वीडनने चेकोस्लोव्हाकियाला दोनदा. तिघांचेही सोळा-सोळा गुण. गोलांच्या फरकावर सोव्हिएत संघ पहिला, स्वीडन दुसरा, हे तिसरे. सुवर्णपदक शेवटी मॉस्कोलाच गेलं.

पण २८ मार्चच्या रात्री पदकाचा हिशोब कोण करतो? देशभर लोक रस्त्यावर आले. एकट्या प्रागच्या वेन्सेस्लास चौकात लाखाहून जास्त माणसं जमली. तिथल्या एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कचेरीच्या काचा फुटल्या, सामान बाहेर फेकलं गेलं. दगड तिथे आधीच आणून ठेवलेले होते आणि हे गुप्त पोलिसांचंच काम होतं, असा संशय आजही घेतला जातो. काही का असेना, मॉस्कोला निमित्त मिळालं. १७ एप्रिलला डुबचेक गेले, हुसाक आले आणि मग वीस वर्षं सगळं चिडीचूप. शेवटचा सोव्हिएत सैनिक गेला तो १९९१ साली.

म्हणजे जिंकण्याची शिक्षाच झाली म्हणायची! आणि ती पहिली नव्हती. १९४७ आणि १९४९ चे विश्वविजेते होते हेच. १९५० च्या मार्चमध्ये संघ लंडनला जेतेपद राखायला निघायचा होता, पण जाऊ दिलं नाही. चिडलेल्या खेळाडूंनी प्रागच्या एका गुत्त्यात बसून सरकारला शिव्या दिल्या आणि त्यांना तिथेच पकडलं. देशद्रोहाचा खटला झाला. शिक्षा आठ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत. सगळ्यात मोठी मिळाली गोलरक्षक बोहुमिल मोद्री यांना. काही जणांना युरेनियमच्या खाणीत पाठवलं. पाच वर्षांनी माफी मिळाली, पण मोद्री १९६३ मध्ये वारले.

अशा देशातल्या माणसाला मी सांगत होतो, खेळात राजकारण नको म्हणून. आजोबांनी घराबाहेर काढलं नाही हे नशीब.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की हे वाक्य वाईट नाही, पण ते बोलायची चैन सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्या अंगणात रणगाडा नाही तो बोलू शकतो. त्या खेळाडूंनी राजकारण बर्फावर आणलं नव्हतं, ते आधीच रणगाड्यातून त्यांच्या घरात आलं होतं. बर्फ ही एकच जागा उरली होती जिथे दोन्ही बाजूंना सहाच माणसं आणि साठच मिनिटं होती. पंच रणगाडे मोजत नव्हता. लहान देशाला खेळाचं एवढं वेड का असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

याचा अर्थ खेळ म्हणजे युद्धच, असं मला म्हणायचं नाही. तेव्हाचा कर्णधार गोलोंका याने जिंकल्यावर स्टिक बंदुकीसारखी धरली होती. ते वाचून मी जरा चरकलोच. समोरच्या रशियन खेळाडूंनी तर कोणावर रणगाडा घातला नव्हता. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूसला स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हाही ज्या पोरांचं करिअर अडलं त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. तरीही तो निर्णय मला बरोबर वाटतो. २०२३ ची स्पर्धा सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती. तिकडे बॉम्ब पडत असताना इथे सोहळा कसा मांडायचा? खटकलं ते एवढंच की आंतरराष्ट्रीय महासंघाने कारण दिलं ते सुरक्षिततेचं. सरळ सांगायचं की शेजाऱ्याच्या घरात घुसलात म्हणून बाहेर. त्यात लाजण्यासारखं काय होतं?

आता नानाकाका विचारतील, मग दुबईचं काय? काका, दोन्ही प्रसंग एका मापाने मोजता येणार नाहीत आणि मी मोजणारही नाही. पण स्वतःपुरता एक प्रश्न ठरवून ठेवलाय. कोणी हात मिळवला नाही तर बघायचं, त्याबद्दल त्याला काय किंमत मोजावी लागणार आहे? ज्याला खाण दिसत असते त्याचा नकार वेगळा, आणि ज्याला घरी गेल्यावर टाळ्या मिळणार असतात त्याचा वेगळा. दुसरा चूकच असतो असं नाही. पण पहिल्याची पुण्याई त्याने उधार घेऊ नये.

असो. आजोबांना दिवाळीत फोन केला होता. मी विचारलं, २०२४ चं सुवर्ण मोठं की १९६९ चं कांस्य? ते हसले आणि म्हणाले, "कांस्य? ते कांस्य होतं हे मी विसरूनच गेलो होतो."

तुम्हाला काय वाटतं? नानाकाका, तुम्ही आधी.