जंत औषधाने पडतात, कोकरू खुराकाने उभे राहते

पावसाळा लागला की दोन-तीन महिन्यांची कोकरे खंगू लागतात. लोकर रखरखीत, जबड्याखाली पाण्याची सूज, पापणी उलटून पाहावी तर आतून पांढरीफटक. आपण जंताची बाटली आणून पाजतो. महिनाभराने पुन्हा तीच गत. मग दोष कंपनीला, नाहीतर नशिबाला.

आम्ही म्हणतो, आधी हिशेब मांडा. कोकराच्या जठरात राहणारा हिमॉन्कस जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त खातो. १००० जंत असले तर रोज ५० मिली रक्त गेले! ते भरून काढायला आणि जंताशी झुंजायला प्रथिने लागतात. आपण देतो ज्वारीचा कडबा. त्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के. त्यात वाढच भागत नाही, झुंजायला उरणार काय? प्रथिने पुरेशी मिळालेली कोकरे तेवढेच जंत पोटात गेले तरी तग धरतात आणि पुढे जंतांना रोखूही लागतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे.

सरकीच्या पेंडीत २० टक्क्यांहून जास्त प्रथिने असतात. सरकी पिकवतो आपण. कापसाबरोबर ती गावाबाहेर जाते आणि पेंड होऊन आपल्याच दारात विकत येते. कापूसवाल्याचे कोकरू प्रथिनावाचून मरावे, याला काय म्हणावे?

तेव्हा एवढे करा. गाभण मेंढीला शेवटचे दीड महिना पेंड द्या. विण्याच्या सुमारास तिचीच ताकद घटते आणि लेंडीतून जंताची अंडी रानभर पसरतात. दूध तुटणाऱ्या कोकराला मूठभर शेंगदाण्याची पेंड आणि शेवरीचा पाला द्या. बुरशीची पेंड नको. सरकीची पेंड लहान कोकरांना बेतानेच. तिच्यातले गॉसिपॉल त्यांना बाधते. दव सुकल्यावरच चारायला सोडा.

औषध सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण ते वजन करून, पुरत्या मात्रेत पाजा. अर्धी मात्रा म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची पैदास.

आणि जिल्हा बैठकीत एक मागणी एकमुखाने करू : तालुक्याच्या पशुदवाखान्यात लेंडी तपासून मगच औषध मिळाले पाहिजे. अंदाजाने पाजलेल्या बाटलीचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात.