नोकरी सोडा, पण सांगून

एका मुलीचे पत्र आले आहे. पुण्यात कस्टमर केअरच्या ऑफिसात तिचा तिसरा महिना चालू आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचे. मुलाखतीत दिवसाची पाळी सांगितली होती, आता रात्रीची लावली. अब्बा म्हणतात, "रात्री जायचे नाही." अम्मी म्हणतात, "मग भावाची फी कोण भरणार?" त्यात नोकरी मामूंच्या ओळखीने मिळालेली. ती विचारते, "अजून मी पक्की झालेली नाही. उद्यापासून गेलेच नाही तर चालेल ना?"

नाही बेटी, चालणार नाही.

माझी पहिली नोकरी मी अशीच सोडली होती. शेजारच्या चाचांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. दोन महिन्यांनी मी जाणे बंद केले, फोनही उचलला नाही. माझे काहीच बिघडले नाही. पण पुढच्या वर्षी चाचा मोहल्ल्यातल्या दुसऱ्या मुलासाठी बोलायला गेले, तेव्हा मालकाने त्यांना दारातूनच परत पाठवले. त्या मुलाची काय चूक होती? हा सवाल मला आजही टोचतो.

प्रोबेशन हा दोघांनी एकमेकांना पारखण्याचा काळ आहे. त्यात नोकरी सोडणे हा गुन्हा नाही. न सांगता गायब होणे मात्र वादाखिलाफी आहे.

राजीनाम्याआधी एकदा मागून पाहा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही. दिवसाची पाळी द्या, असे ईमेलने लिहून कळवा. मिळाली तर अब्बांची काळजीही मिटेल आणि भावाची फीही भरली जाईल.

नाही मिळाली, तर नियुक्तीपत्र काढून नीट वाचा. प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची, ते तिथेच लिहिलेले असते. बाँडवर सही केली असेल तर तो हलका समजू नका. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वैध ठरवली आहे. बाँड असेल तर राजीनाम्याआधी वकिलाला दाखवा.

राजीनामा चार ओळींचा पुरे: पद, तारीख, कामाचा शेवटचा दिवस, आभार. तक्रारींचा पाढा नको. त्याची प्रत आपल्या खासगी ईमेलवर ठेवा. ऑफिसचे ओळखपत्र, लॅपटॉप परत करून पोच घ्या. कार्यमुक्तीचे पत्र मागा. राहिलेला पगार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असे 2019 ची वेतन संहिता सांगते. पीएफ कापला जात असेल तर यूएएन क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या नोकरीतही तोच चालतो.

आणि हे सगळे करण्याआधी मामूंना फोन करा. ही खबर त्यांना ऑफिसातून नव्हे, तुमच्या तोंडून कळली पाहिजे. ते थोडे रागावतील. पण उद्या मोहल्ल्यातल्या आणखी एखाद्या मुलीसाठी त्यांना त्याच ऑफिसात मान वर करून जाता येईल.