पात्रतेच्या नावाने वेठ

गेल्या महिन्यात एका परिसंवादात, बटाटेवडा आणि चहा यांच्या मधल्या वेळात, एका विद्वान गृहस्थांनी असा सिद्धान्त मांडला की, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करू लागलेल्या नवख्या माणसाला मिळकत सुरू होण्यापूर्वी जी पात्रतेची अट घातली जाते, तीच या साऱ्या धंद्यातली एकमेव नीतिमान गोष्ट होय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोबाइल हाती आला की जो तो उठतो आणि स्वतःला कलावंत म्हणवतो, या झुंडीतून खरे दाणे निवडायचे तर चाळणी हवीच, हजार माणसे ज्याला जमवता येत नाहीत त्याने दाम मागावाच कशाला, आणि जुन्या काळचे शाहीर, कीर्तनकार नाही का वर्षानुवर्षे फुकट उमेदवारी करीत? एवढे बोलून त्यांनी दुसरा वडा उचलला. त्यांचा युक्तिवाद मी किंचित अधिक खरपूस तळून वाढला असेन. पण सारण त्यांचेच आहे.

चाळणी म्हटली की तिची भोके मोजून पाहणे आले. ट्विच या मंचाने 2017 साली नवख्यांसाठी जी पहिली पायरी बांधली तिच्या मूळ अटी अशा होत्या: 30 दिवसांत निदान 500 मिनिटे प्रक्षेपण, तेही 7 निरनिराळ्या दिवशी, एका वेळी सरासरी 3 प्रेक्षक हजर, आणि 50 अनुयायी. यूट्यूबने 2018 च्या आरंभी आखलेली रेषा म्हणजे 1,000 सबस्क्रायबर आणि मागल्या बारा महिन्यांत प्रेक्षकांनी पाहिलेले 4,000 तास. आता 500 मिनिटे 3 माणसांनी पाहिली की 25 तास भरतात. म्हणजे एका दरबारात महिन्याला 25 तासांच्या हजेरीवर जो कसबी ठरे, तोच दुसऱ्या दरबारात, मुदतीतला फरक जमेस धरूनही, सुमारे तेरा पट हजेरी लागेपर्यंत उमेदवारच राही. एकाच माणसाचा गुण दोन काट्यांवर तेरा पटींनी कमीजास्त भरत असेल, तर काट्यावर काय तोलले जात आहे याची चौकशी करायला नको काय? अटी पुऱ्या झाल्यावर चॅनलची तपासणी होते हे खरे. पण ती नियम मोडले की नाहीत याची, सूर लागला की नाही याची नव्हे. एखाद्याचे निवेदन रसाळ आहे की रटाळ, हा प्रश्न त्या साऱ्या दफ्तरात कोठेही विचारला जात नाही.

माझ्या मावसभावाचा नातू खेड तालुक्यात राहतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या डिसेंबरात वाट मोकळी करून दिली, आणि 2023 च्या मे महिन्यात त्यामागचा कायदाही कायम केला. तेव्हापासून खेड, आंबेगाव, जुन्नर या टापूंतल्या घाटांवर बैलांच्या बरोबरीने मोबाइलही जुंपलेले दिसतात. हा पोरगा यूट्यूबवर शर्यती थेट दाखवतो. मी एकदा त्याच्याबरोबर घाटावर गेलो होतो. टेम्पोच्या टपावर पोत्याची घडी करून तो उभा. एका हातात स्टँड, खिशात पॉवरबँक, एका सिमची रेंज गेली तर दुसरे तयार. भंडारा उडतो आहे, बारी सुटते आहे, आणि हा गाडामालकाचे नाव, गाव, लागलेले सेकंद अशा ओघाने सांगतो आहे की, आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांनीही मान डोलवावी. मोबाइल तापून बंद पडू नये म्हणून ओल्या फडक्याची पट्टी त्याच्या पाठीशी धरून मी दीड तास उभा होतो, आणि माझ्या सार्वजनिक जीवनातील हे एकमेव उपयुक्त कार्य असावे असा माझा प्रामाणिक समज आहे. पडद्यावरचा आकडा वीसच्या आसपास घुटमळत होता. वीस माणसे सतत पाहत राहिली तर 4,000 तासांसाठी 200 तास टपावर उभे राहावे लागेल, हा हिशेब त्याने मला बोटांवर करून दाखवला. त्यातच एका यात्रेत निकालावरून दोन गाडामालकांची जुंपली, भांडण प्रक्षेपणात आले, आणि चार वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने ती चित्रफीत खासगी केली. ती झाकताच तिच्यावर जमलेले तासही हिशेबातून गेले. शिवाय हे तास मागल्या बारा महिन्यांचेच धरायचे, म्हणजे गेल्या चैत्रात कमावलेले या चैत्रात गळून पडायचे. जत्रांचा हंगाम चार महिन्यांचा, आणि घागर अशी खालून गळकी. “वॉच टाइम चढतोय तेवढाच उतरतोय, आजोबा,” तो म्हणाला. आमच्या विद्वान गृहस्थांच्या अलंकारशास्त्रात यालाच बहुधा गुणवत्तेची कसोटी म्हणत असावेत.

पण अट कठीण आहे ही माझी तक्रारच नव्हे. कठीण परीक्षा मीही दिल्या आहेत आणि काहींत नापासही झालो आहे. माझा खरा आक्षेप निराळा आहे, आणि त्यावर त्या गृहस्थांनी अवाक्षर काढले नाही. 2018 साली यूट्यूबने ही मर्यादा आणली तेव्हा ज्यांची मिळकत बंद झाली, त्यांतील नव्याण्णव टक्के लोकांना मागल्या वर्षभरात शंभर डॉलरसुद्धा मिळत नव्हते, असे कंपनीनेच जाहीर केले होते. परिसंवादात हाच आकडा निशाणासारखा फडकावण्यात आला: टरफले गेली, दाणे राहिले, मग रडायचे कशाला? ठीक. त्या रकमा क्षुल्लक होत्या, एवढ्या की त्या वाटण्याचा खटाटोपही परवडू नये, हे घटकाभर मान्य करू. परंतु पुढे 2020 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत, आणि त्यानंतरच्या वर्षी उर्वरित जगात, सेवेच्या करारनाम्यात असे कलम दाखल झाले की, जे चॅनल अद्याप पात्र झालेले नाहीत त्यांच्या चित्रफितींवरही कंपनी जाहिराती लावू शकेल, आणि त्या उत्पन्नातला वाटा चॅनलधारकाला मिळणार नाही. पात्र ठरलेल्याला लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले 55 टक्के, अपात्राला शून्य, आणि जाहिरात मात्र दोघांच्याही माथ्यावर. म्हणजे ज्या रकमा देण्याच्या लायकीच्या नव्हत्या, त्या घेण्याच्या लायकीच्या निघाल्या! ज्या शेतावर खंड आकारता येतो ते शेत कसणाऱ्याच्या वाट्याची वेळ येताच पडीक कसे ठरते, हे महसूल खात्यातल्या कोणत्याही जुन्या कारकुनाने आम्हांस समजावून द्यावे. परीक्षार्थ्याकडून फी घेतलेली मी पाहिली आहे. पण नापास विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिका बाजारात विकायच्या, त्यांचे पैसे गल्ल्यात टाकायचे, आणि वर त्यालाच ‘अजून मेहनत घे’ म्हणून पाठीवर थाप मारायची, ही शिक्षणपद्धती आमच्या काळी निघाली नव्हती. उमेदवारीच्या काळात उमेदवाराचे काम कोणाच्या उपयोगी पडत नाही, या गृहीतावर फुकट उमेदवारीचे सारे समर्थन उभे असते. आणि त्या कामातून एक पैसाही उत्पन्न होऊ लागला की हे समर्थन कोसळते, मग तिला उमेदवारी म्हणायचे नसते, वेठ म्हणायचे असते. कोणी म्हणेल, एवढ्या चित्रफिती साठवायला खर्च येतो. येत असेल, तर त्या खर्चाची वजावट दाखवून उरलेल्याचा हिशेब द्यावा, शेठजी लोक तर हिशेबात तरबेज असतात.

शाहिरांचे उदाहरण तर त्या गृहस्थांनी द्यायलाच नको होते. तमाशाच्या फडात पहिल्याच रात्री बोर्डावर चढलेल्या पोरीच्या लावणीवर दौलतजादा होत असे, तेव्हा तुझ्या मागल्या बारा महिन्यांच्या जत्रांचा दाखला आण असे तिला कोणी म्हणत नसे. फडमालक आपला हिस्सा कापून घेई, कधी जास्तही कापी, पण नोट उधळणाऱ्याचा हात तरी कोणी धरीत नसे. कीर्तनकाराच्या आरतीच्या तबकातही पहिल्या कीर्तनापासून नाणी पडत आली आहेत. सुपरचॅट म्हणजे दुसरे काय? प्रेक्षकाने खुशीने उधळलेला रुपया, ज्यातले 30 टक्के मंच ठेवून घेतो. तरीही ज्याच्यापाशी 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तास नाहीत (2023 साली केलेली ही सवलत आहे बरे का!), त्याच्यापुढे तबकच ठेवायचे नाही. आणि उमेदवारीच म्हणाल, तर या देशात 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि लेथवर हात काळे करणाऱ्या पोरालाही त्याअन्वये विद्यावेतन द्यावे लागते.

हा वाद माझ्यापुरता जुनाच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मासिकाच्या संपादकांशी याच मुद्द्यावर माझी खडाजंगी झाली होती. नवोदितांना मानधन न देण्याचा त्यांचा रिवाज होता. ‘प्रसिद्धी हेच मानधन’ असे ते म्हणत, आणि म्हणताना डोळे किंचित मिटत. मी त्यांना विचारले, छापखान्याच्या जुळाऱ्यालाही प्रसिद्धीच देता काय? त्यावर त्यांनी माझी पुढली कथा साभार परत पाठवली, आणि पोस्टाची तिकिटे मीच जोडलेली असल्याने त्या व्यवहारातही त्यांचे काही गेले नाही. ते मासिक आता बंद पडले आहे. यात मला आनंद नाही, फारसा नाही.

लबाडांचा बंदोबस्त कसा करणार, असाही परिसंवादात एक प्रश्न होता. उंबरठा उंच केला की लबाड शिडी विकत घेतो, आणि ‘सब फॉर सब’ची देवाणघेवाण व तास विकणारी दुकाने याच अटींच्या पोटी जन्मली आहेत. जाहिरातदारांच्या अब्रूचाही मुद्दा निघाला. पण अपात्रांच्या चित्रफितींवर त्यांच्या जाहिराती झळकतात तेव्हा ती अब्रू कोठे जाते?

मग करावे काय, असे विचाराल, तर माझी सूचना साधी आहे. ज्या दिवशी पहिली जाहिरात लागेल त्या दिवसापासून निर्मात्याच्या नावे खाते उघडावे. ओळख, वय, बँकेचे कागद पटेपर्यंत रक्कम अनामत राहू द्यावी. कागद पटले की व्याज न देता का होईना, ती मोकळी करावी. दोनशे रुपये असतील तर दोनशे. किमान रक्कम साचल्याशिवाय पैसे पाठवत नाहीत हा नियम आजही आहेच, तो खुशाल राहो. पण साचू तरी द्या. चोरलेल्या चित्रफितींचे काय, लाखो बारक्या खात्यांचा सांभाळ कोण करणार, या प्रश्नांना माझ्यापाशी पक्की उत्तरे नाहीत, आणि परिसंवादात मला विचारले असते तर मीही वड्याकडेच वळलो असतो.

गेल्या रविवारी खेडहून त्या नातवाचा फोन आला. पावसाळा तोंडावर आहे, घाट बंद झाले, आणि चारशे-पाचशे तास अजून कमी आहेत. “आजोबा, रात्री मोबाइल चार्जिंगला लावाल तेव्हा आपली एखादी जत्रा चालू करून ठेवा,” तो म्हणाला, “आवाज बंद केला तरी चालतंय.” इतके सारे खंडन ज्याने आयुष्यभर केले, त्याने ते ऐकावे की नाही याचा मी विचार केला, आणि मग मोबाइल चार्जरला लावून, पडदा पालथा घालून झोपलो. पहाटे उठून उलटा केला तर बैल थांबले होते आणि त्यांच्या जागी एक हसतमुख मनुष्य सुलभ हप्त्यांवर ट्रॅक्टर विकत होता.