विश्लेषण : रक्तवाहिनीत दुर्बीण कशासाठी?

बुधवार पेठेतल्या दुकानात दिवसभर उभा असणारा, मधुमेह आणि जोडीला सिगारेट असलेला माणूस आप्पा बळवंत चौकातून मंडईकडे निघाला की अर्ध्या वाटेत त्याची पोटरी आवळून येते. दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. वय झाले, असे म्हणत दुखणे अंगावर काढले जाते. पुढे अंगठा काळा पडतो, धमनी बंद झाल्याचे निदान होते आणि पाय वाचवण्यासाठी बायपास करावा लागतो. खर्चाची चौकशी सगळे करतात. जखम शिवण्यापूर्वी नवी वाट मोकळी असल्याची खात्री कशी करणार, हेही विचारायला हवे.

झडपांचा अडसर

पायाच्या बायपाससाठी रुग्णाचीच शीर सर्वांत चांगली मानली जाते. मात्र शिरेतल्या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात. शीर काढून उलटी जोडली तर प्रश्न मिटतो. जागेवरच ठेवून वापरायची तर प्रत्येक झडप आतून छेदावी लागते, कारण आता रक्त पावलाकडे न्यायचे असते. एखादी पाकळी शाबूत राहिली, तर तिथे रक्त अडून गुठळी होऊ शकते. अँजिओग्राफीत दिसते ती औषधाने भरलेल्या नळीची सावली. तीत पातळ पाकळी निसटू शकते. शिवाय ते औषध मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर ताण आणते.

अँजिओस्कोपीत बारीक दुर्बीण थेट शिरेत सरकवतात. झडपा, उरलेली गुठळी, टाक्यांची जागा पडद्यावर दिसते. अडचण एकच, पण मोठी : रक्तातून काही दिसत नाही. प्रवाह रोखून सलाइन सोडावे लागते आणि ते जास्त झाले तर दुबळ्या हृदयाला झेपत नाही. रक्तवाहिनीच्या आतले अल्ट्रासाउंड रक्त असतानाही चालते. मात्र ते आवाजाच्या लहरींवर रेखलेले चित्र असते, रंग त्यात नसतो.

मग सर्वांनाच करावी का?

तसा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दुर्बिणीने पाहिल्यावर जागच्या जागी दुरुस्त्या बऱ्याच जास्त झाल्या. सुरुवातीच्या दिवसांत बायपास बंद पडण्याच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही. जास्त दिसले म्हणजे पाय जास्त वाचले, असे होत नाही. जागेवरची किंवा बारीक, खराब शीर, गुठळी काढल्यानंतरची शंका, कमजोर मूत्रपिंडे अशा ठिकाणी तिचा उपयोग पटतो. एरवी कुशल हातातला डॉप्लरही चालेल. कोणतीच तपासणी न करता जखम शिवणे मात्र चालणार नाही.

शेवटी कोणत्या पद्धतीने पाहिले आणि काय दिसले, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी. ‘बायपास केला’ एवढ्याने भागत नाही. सहा महिन्यांनी डॉप्लर करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला तुलनेसाठी त्या दोन ओळी लागतात.