पूल व्हावा, रस्ता राहावा

परवा ऑफिसात चहाच्या वेळी विषय निघाला. रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात कोकणातल्या खाड्यांवर मोठमोठे पूल आहेत, आणि ते झाले की विकेंडला कुठल्या कुठे जाता येईल म्हणून आमचा एक मित्र भलताच खुशीत होता. "जंगलजेट्टीची लाइन नाही, काही नाही, सुसाट रे!" मी गप्प. मला आनंद झाला होता आणि पोटात गोळाही आला होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते एका कटिंगमध्ये समजावून सांगणं काही जमलं नाही. म्हणून हा शनिवारचा प्रपंच.

आधी रस्त्याबद्दल. गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी सायकल घेऊन कोकणात उतरतो. माझा लाडका टप्पा म्हणजे केळशी ते दाभोळ. आडे, पाडले, आंजर्ले, हर्णे, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. सगळं मिळून पन्नास-साठ किलोमीटर. पुण्यात कात्रजचा बोगदा मारून दाखवणाऱ्याला वाटेल, एवढंच? मग जाऊन बघाच! इथे सपाट असं काही नाहीच. रस्ता समुद्राला लागतो, सुरूच्या बनातून जातो, गावात शिरतो, माडा-पोफळीच्या सावलीतून बाहेर पडतो आणि मग थेट डोंगराच्या अंगावर चढतो. वर जांभ्याचा उघडा सडा, तापलेला. तिथून खाली पुढच्या गावाची पुळण दिसते, तिकडे उतरायचं आणि परत चढायचं. दिवसभरात असे इतके चढ होतात की संध्याकाळी सिंहगड चढून आल्यासारखे पाय बोलायला लागतात.

आणि शांतता! आडे-पाडलेच्या बाजूला समुद्र इतका जवळ आहे की चेनचा आवाज आणि लाटेचा आवाज, बाकी काही नाही. मधूनच एखादी एसटी वळणावर हॉर्न देत येते, ड्रायव्हर हात दाखवतो. बोलेरोतून आंब्याच्या रिकाम्या पेट्या जातात. शाळेतली पोरं "ओ गेअरवाले!" म्हणून ओरडतात आणि चढावर आपल्याबरोबर धावून आपल्याला हरवतातही.

आता मुद्दा असा, की हा रस्ता शांत का आहे? कोणी शांत ठेवला म्हणून नाही. सागरी मार्गाची कल्पना जुनी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. पण कोकणचा किनारा सलग नाहीच. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होऊन किनारा तोडते. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. त्यामुळे लांबच्या गाड्यांना किनाऱ्याने जाण्यात अर्थच नसतो, त्या आतल्या मुंबई-गोवा महामार्गाने जातात. किनाऱ्याला उरतात ती त्या-त्या गावची माणसं, आणि आमच्यासारखे उद्योग नसलेले लोक. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ज्याला सगळे बग म्हणत होते, ते माझ्यासाठी फीचर निघालं.

दाभोळच्या धक्क्यावर हे फार छान दिसतं. इथून पलीकडे धोपावेला जंगलजेट्टी जाते. एसटी, ट्रक, मोटारी, मोटरसायकली, कोंबड्यांचे खुराडे, सगळं त्या सपाट बोटीवर चढतं आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. गंमत त्यानंतर. धोपावेला फळी पडली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात, आणि तुम्ही सायकल घेऊन त्यांच्यात सापडलात की पुढची पाच मिनिटं नुसता धूर खायचा. पण ती बॅच निघून गेली की पुढची फेरी येईपर्यंत रस्ता तुमच्या बापाचा! त्यामुळे माझा एक नियम आहे: जेट्टीवरून उतरल्यावर सायकलवर बसायचं नाही. चहा प्यायचा, दुसरा प्यायचा, मग निघायचं. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळपर्यंत हाच हिशोब, आणि तवसाळला परत जेट्टी, पलीकडे जयगड. एखाद्या रस्त्याचा वेग बोटीने ठरवावा, यासारखं सुख नाही.

हे सगळं मी एकदा मामीला सांगत होतो. माझा मामा दाभोळजवळच्या एका गावात असतो, आणि मामीचं माहेर खाडीच्या बरोबर समोर. मी ओटीवर बसून खाडीचं कौतुक करतोय, पूल झाला तर कशी मजा जाईल वगैरे, आणि मामी तांदूळ निवडत ऐकतेय. मग ती तिच्या आईची गोष्ट बोलली. तिची आई गेली ती पावसाळ्यात, रात्री. फोन आला तेव्हा शेवटची फेरी होऊन गेली होती. समोरच्या काठावर माहेरच्या गावचे दिवे दिसत होते, आणि तिथे पोचायला जीप करून चिपळूणला वळसा घालून, शंभरेक किलोमीटर, भर पावसात जावं लागलं. पोचेपर्यंत उजाडलं होतं. "तुझी सायकल वर्षातून एकदा येते रे," मामी म्हणाली, "आम्ही इथे बारा महिने असतो."

रागावून नाही बोलली. तांदूळ निवडतच होती. पण मला त्यानंतर त्या ओटीवर पुलाबद्दल एक शब्द काढता आला नाही.

तेव्हा स्पष्टच सांगतो, पूल व्हायलाच हवेत. दहा मिनिटांच्या अंतरासाठी माणसाला रात्रभर फिरायला लावणारी शांतता मला नको आहे. शहरातून येऊन दोन दिवस 'अनस्पॉइल्ड' म्हणायचं आणि सोमवारी लिफ्टने दहाव्या मजल्यावर जायचं, हा शुद्ध आगाऊपणा आहे, आणि तो मी बरीच वर्षं केला.

पण पूल होणं आणि जुना रस्ता मरणं, या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण उगाच धरून चाललो आहोत. माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

पहिली: पुलावर चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला वेगळी पट्टी हवी. मधे कठडा असलेली, नुसता पांढरा रंग मारलेली नव्हे. मी माझ्यापुरतं मागत नाहीये. शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेऊन पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, यांची आज जेट्टीवर सोय होते. उद्या खाडीच्या वाऱ्यात, ट्रकच्या शेजारून त्यांनी जायचं कसं? आणि ही सोय आधीच धरावी लागते. प्रॉडक्शनला गेलेल्या सिस्टिममध्ये मूळ डिझाइनची चूक नंतर दुरुस्त करणं काय असतं, हे आपल्या धंद्यातल्यांना मी काय सांगावं!

दुसरी: लांबच्या गाड्यांसाठी गावाबाहेरून नवा रस्ता करा, पण गावातला जुना रुंद करू नका. एका लेनचा रस्ता म्हणजे पावणेचार मीटर, दोन लेनचा सात. कागदावर हा फरक सव्वातीन मीटर. कोकणातल्या गावात तो फरक म्हणजे कोणाचा तरी जांभ्याचा गडगा, विहिरीची कड, दहा-बारा पोफळी आणि अंगणाचा तुकडा. रस्त्याला चिकटून वाड्या, वाडीला चिकटून घर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या बागा आडव्या झाल्या. नवी लावलेली पोफळ धरायला वर्षं जातात. वादळातून वाचलेलं झाड रुंदीकरणात घालवायचं का? त्यापेक्षा आहे तो रस्ता नीट ठेवा. खड्डे बुजवा, गटारं मोकळी ठेवा, वळणावर आरसा लावा. पुरे.

तिसरी गोष्ट, आणि यावर लोक हसतात: पूल झाल्यावरही जेट्टी चालू ठेवा. छोटी का होईना. हसणाऱ्यांना मी दोन गोष्टी आठवून देतो. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली झाला आणि १९८६ च्या जुलैमध्ये कोसळला. तेव्हा पणजी आणि बेती जोडून ठेवली ती फेरीबोटींनी. पुढे नवे पूल झाले तरी तिथली फेरी गोव्याने बंद केली नाही. आणि महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी आणि इतर गाड्यांसकट. तीच सावित्री खाली बाणकोटला खाडी होते. बॅकअप नसलेला सर्व्हर ठेवायला आपला मॅनेजर परवानगी देत नाही, मग अख्ख्या तालुक्यासाठी एकच दुवा कसा काय चालतो? खर्च येईल, मान्य. पुलाच्या देखभालीतच तो धरावा. बॅकअप फुकट कुठे असतो?

आता थोडं आपल्याबद्दल. हे रस्ते बिघडवण्यात आपला वाटा नाही असं समजू नका. दिवेआगर-शेखाडी-श्रीवर्धन हा रस्ता फोटोंमधून इतका फिरला की सुट्टीच्या दिवशी तिथे सायकल चालवताना समुद्र कमी आणि बंपर जास्त दिसतात. मीही ते फोटो टाकणाऱ्यांतलाच. आठ-दहा सायकली आणि मागे पाण्याच्या बाटल्या भरलेली सपोर्टची गाडी, अशा ट्रिपाही मी केल्यात. अशा ट्रिपेत गावात चहासुद्धा कोणी पीत नाही. मग गावाने त्या शांत रस्त्याची काळजी का करावी? मुक्काम घरगुती ठिकाणी करा, घावन-चटणी खा, पंक्चर काढायला गावातल्या पोराला द्या. तो रस्ता अरुंद राहण्यात गावाचे चार पैसे असतील, तरच गाव त्याच्या बाजूने बोलेल. आपल्या हळवेपणावर रस्ते टिकत नाहीत.

असो. येत्या डिसेंबरात परत जायचा बेत आहे. या वेळी मामीला म्हटलंय, तूही चल, जेट्टीने तुझ्या माहेरी जाऊन येऊ. ती म्हणाली, "जाऊ की. पण शेवटची फेरी कधी आहे ते आधी विचारून ठेव."