शेतांतील विष व घरांतील मूल

केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या मळ्यांवर सन २००० पर्यंत सुमारें वीस वर्षें हेलिकॉप्टरनें एंडोसल्फान फवारलें गेलें. त्या टापूंत अनेक मुलें मतिमंद व अपंग निघालीं. सन २०११ त सर्वोच्च न्यायालयानें या औषधास मनाई केली, व २०१७ त पीडितांस प्रत्येकीं ५ लाख रुपये देण्याचा हुकूम दिला. स्वमग्नतेचें कारण कीटकनाशकच, असें सिद्ध झालेलें नाहीं, हें खरें; परंतु तेवढ्यानें विष निर्धोक ठरत नाहीं. यंदां बुडालेलें पीक पुढील सालीं येतें. गर्भांत बिघडलेला मेंदू पुन्हां घडत नाहीं. यास्तव गर्भार स्त्रीस फवाऱ्यापासून दूर ठेवावें, घरालगत फवारूं नये, व औषधाचे रिकामे डबे पाण्याधान्यास वापरूं नयेत, अशी शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.