किती फैरी झाल्या, हे विचारूच नका

वापरलेली ट्रॅप गन विकायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फैरी किती झाल्या? उत्तरही ठरलेले, ‘फारशा नाहीत’. ऑलिम्पिक ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ क्ले (हवेत उडवलेली चकतीसारखी लक्ष्ये) असतात, प्रत्येकावर दोन फैरींची मुभा असते. त्यात सराव मिळवला, तर नेटाने खेळणाऱ्याची बंदूक वर्षाला हजारो काडतुसे खाते. तो आकडा कोणी लिहून ठेवत नाही.

बंदूक मात्र हिशोब ठेवते. दोन बॅरल एकावर एक असतात; पहिली फैर बहुतेक जण खालच्या बॅरलने झाडतात, वरचीला काम कमी. म्हणून खालच्या आणि वरच्या फायरिंग पिनची टोके शेजारी धरून पाहा, ब्रीचवर त्यांच्या भोकांभोवतीचा धातू किती खाल्ला गेलाय तेही पाहा. फरक मोठा असेल, तर ‘फारशा नाहीत’चा अर्थ कळतो.

पुढे लॉकिंग. फोरएंड (बॅरलखालचा लाकडी भाग) काढा, कारण तो बसवलेला असताना ढिलेपणा लपतो. बंदूक बंद करून बॅरल आडवी हलवा. नव्या बंदुकीचा उघडायचा लिव्हर मध्यापासून जरा उजवीकडे थांबतो, झिजेल तसा डावीकडे सरकतो. पण एवढ्यावरून सौदा मोडू नये. पेराझी, बेरेटासारख्या बंदुकांत लॉकिंगचे झिजलेले भाग चांगला कारागीर बदलून देतो. तो खर्च किमतीतून कापावा, एवढेच.

खरी किंमत ठरते बॅरलवर. उजेडाकडे धरून आतली वर्तुळे पाहा; वर्तुळ मोडले की तिथे पोचा किंवा फुगवटा समजावा. चोक, म्हणजे बॅरलच्या तोंडाशी अरुंद केलेला भाग, गेजने मोजा आणि बॅरलवरच्या खुणेशी ताडा. कोणीतरी तो मोठा करून घेतलेला असू शकतो, आणि काढलेले लोखंड परत भरता येत नाही. बॅरल टांगून लाकडी दांड्याने हलकेच ठोका, आवाज बद्द आला तर रिबचा डाख सुटलाय. नव्याने काळी केलेली, आरशासारखी चकचकीत बंदूक आम्हाला तरी जास्त संशयास्पद वाटते.

स्टॉक उतरवून अ‍ॅक्शनला टेकणारे लाकूड तपासा. तिथे तडे किंवा तेलाने काळवंडलेला भाग असेल, तर वरची सुरेख अक्रोडाची नक्षी कामाची नाही. पेराझी एमएक्स ८ असेल तर ट्रिगरचा संच बाहेर काढून पाहाच. त्यातल्या चपट्या स्प्रिंगा कधीतरी तुटणारच. जादा संच सोबत मिळतो का, हे भाव बोलण्याआधी विचारा.